‘टॉवर’ छापाची आखूड बंदूक : अस्सल, नक्कल आणि बनावट

आपल्या प्रश्नाचा सारांश असा : पन्हाळ्याकडच्या एका जुन्या घराची आवराआवर चालू असताना निघालेली आखूड, ठासणीची, टोपीवर (घोड्याच्या ठोक्याने फुटणाऱ्या स्फोटक टोपीवर) उडणारी बंदूक आपल्याला विकत देऊ केली आहे. लॉकप्लेटवर (घोड्याची यंत्रणा धरणाऱ्या बाजूच्या पत्र्यावर) मुकुट, ‘टॉवर’ (लंडनच्या टॉवरमधील सरकारी शस्त्रागाराचा छाप) ही अक्षरे आणि १८६१ हे साल आहे, नळी सुमारे दोन फुटांची आहे आणि देणारा ती ‘सत्तावनच्या बंडातली’ असल्याचे सांगतो. ही अस्सल आहे की बाजारासाठी केलेली नक्कल, नक्कल असेल तर ती संग्रही ठेवण्याजोगी आहे का, आणि अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मेहुण्यांनी घेतलेल्या ‘एम-१’ कार्बाइनबद्दलही (दुसऱ्या महायुद्धातली आखूड अमेरिकन लष्करी बंदूक) असेच काही सांगता येईल का, हे आपण विचारले आहे. पाठवलेल्या छायाचित्रांवरून अंतिम निकाल देता येणार नाही, कारण निकाल ज्या जागेवर लागतो ती जागा छायाचित्रांत आलेलीच नाही. ती जागा म्हणजे नळीचा लाकडात दडलेला खालचा भाग.

आधी ‘सत्तावनच्या बंडातली’ या गोष्टीचा निकाल लावू. कोल्हापुरात सत्ताविसाव्या मुंबई पलटणीने उठाव केला तो ३१ जुलै १८५७ रोजी. लॉकप्लेटवर १८६१ असलेली बंदूक त्या रात्री कोणाच्या हातात असणे शक्य नाही. शिवाय दोन फुटी, म्हणजे ६१ सेंटिमीटर नळीचा एन्फिल्ड (ब्रिटिश सरकारी कारखान्याच्या नावाने ओळखली जाणारी लष्करी बंदूक) नमुना मुळात तोफखान्यातील गोलंदाजांसाठी होता. घोडदळाच्या १८५६ च्या नमुन्याची नळी २१ इंच, म्हणजे जेमतेम ५३ सेंटिमीटर असते. गोष्ट खोटी ठरली म्हणून बंदूक खोटी ठरत नाही, हेही लगेच सांगतो. आपल्या भागात अस्सल बंदुकांनाही सत्तावन, पन्हाळा आणि एखादे सरदार घराणे चिकटवण्याची रीत आहे, कारण त्याने किंमत वाढते. वस्तू पाहताना गोष्ट बाजूला ठेवावी, इतकेच.

हात लावण्यापूर्वी एक काम मात्र टाळू नये. वाड्यांतून निघालेल्या ठासणीच्या बंदुका भरलेल्या अवस्थेत सापडतात. लाकडी काठी नळीत अलगद शेवटपर्यंत सोडावी, तोंडाशी खूण करावी, काठी बाहेर काढून नळीला बाहेरून लावून पाहावी. काठीचे टोक निपलच्या (टोपी बसवायच्या बारीक नळकांड्याच्या) रेषेच्या जवळपास पोहोचत असेल तर नळी रिकामी आहे. दोन-तीन बोटे अलीकडेच थांबत असेल तर आत काहीतरी आहे. तसे असल्यास स्वतः खटपट न करता परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याला आणि पोलीस ठाण्याला कळवावे.

आता मूळ मुद्दा. नक्कल आणि बनावट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संग्राहकाचे नुकसान बहुधा त्यांची गल्लत केल्याने होते. नक्कल करणारा कारखाना आपले नाव, कॅलिबर आणि प्रूफ-हाउसचे (नळीची चाचणी घेऊन ठसा मारणाऱ्या संस्थेचे) ठसे नळीवर उघडपणे मारतो. त्याला कोणाला फसवायचे नसते. फसवणूक पुढे होते, जेव्हा एखादा मधला माणूस ते ठसे घासून काढतो आणि बंदुकीला शंभर वर्षांचा गंज चार दिवसांत चढवतो. म्हणून बंदुकीवर काय आहे हे पाहण्याइतकेच, बंदुकीवरून काय काढून टाकले आहे हे शोधणे महत्त्वाचे असते.

या नकलांचा उगम थोडक्यात सांगितला पाहिजे. अमेरिकेत यादवी युद्धाची शताब्दी १९६१ ते १९६५ या काळात साजरी झाली. जुन्या पद्धतीच्या बंदुका उडवण्याचा छंद तेव्हा जोरात आला आणि अस्सल बंदुका त्या मागणीला पुरेनात. इटलीतील व्हाल त्रोम्पिया खोऱ्यातल्या गार्दोने या गावात बंदूक-कारागिरीची जुनी परंपरा होती. तिथल्या पेदेरसोली (१९५७) आणि उबेर्ती (१९५९) यांसारख्या कारखान्यांनी हा बाजार उभा केला. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीने १९७० च्या दशकापासून एन्फिल्डचे तीन नमुने काढले : १८५३ ची लांब रायफल, १८५८ ची दोन कड्यांची आरमारी रायफल आणि १८६१ ची आखूड ‘मस्केटून’. आपल्याला दाखवलेली बंदूक या तिसऱ्या नमुन्याशी मापाने जुळते, आणि माझा संशय तिथूनच सुरू होतो. पार्कर-हेलच्या बंदुका सुबक असत. जुन्या एन्फिल्डप्रमाणे बुडाशी खोल आणि तोंडाकडे उथळ होत जाणाऱ्या रायफलिंगच्या (गोळीला फिरकी देणाऱ्या) खाचाही त्यांनी जशाच्या तशा उतरवल्या होत्या. इटालियन नकलांत या खाचा बहुधा एकसारख्या खोलीच्या असतात.

नळी लाकडातून काढण्याचे काम जाणकाराकडून करून घ्यावे, आणि पेचकसाचे पाते स्क्रूच्या खाचेत गच्च बसेल असेच निवडावे. नळी मोकळी झाली की बुडाजवळचा डावा भाग आणि खालची बाजू भिंगाखाली पाहावी. बर्मिंगहॅमच्या खाजगी कारागिरांच्या जुन्या नळीवर १९०४ पूर्वीचे ठसे म्हणजे मुकुट, एकमेकांवर तिरके ठेवलेले दोन राजदंड आणि ‘बीपीसी’ व ‘व्ही’ ही अक्षरे. त्यांच्याजवळ बहुधा ‘२४’ किंवा ‘२५’ हा आकडा असतो. तो कॅलिबरचा दशांश नसून बोअरचा आकडा आहे : नळीत बसणाऱ्या शिशाच्या किती गोळ्या मिळून एक पौंड भरतात, ती संख्या. उलट नळीवर ‘.५७७’ किंवा ‘.५८’ असा दशांश आणि जोडीला ‘फक्त काळी दारू’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर असेल, तर ती आधुनिक नक्कल आहे. अस्सल बंदुका बनल्या त्या काळात अशी सूचना लिहिण्याचे कारणच नव्हते, कारण दुसरी दारू प्रचारात नव्हती. सरकारी खात्याच्या नळ्यांवर बाणाचे चिन्ह आणि मुकुटाखाली तपासनिसांचे आकडे असतात.

मुकुटाखाली ‘बीपी’, ‘बीव्ही’, ‘एनपी’ किंवा ‘बीएनपी’ ही अक्षरे दिसली तर ती नळी १९०४ नंतर तपासली गेली असे समजावे; पण एवढ्यावर ती नक्कल ठरवू नये, कारण इंग्लंडमध्ये विसाव्या शतकात पुन्हा विक्रीला आलेल्या अस्सल बंदुकांनाही कधीकधी नव्याने प्रूफ करून घ्यावे लागे. इटालियन नळी वाचायला सोपी आहे. तीवर ‘पीएन’ ही काळ्या दारूच्या तपासणीची अक्षरे असतात आणि एका छोट्या चौकटीत तपासणीच्या वर्षाचा संकेत असतो. १९७४ पर्यंत हा संकेत रोमन आकड्यांत असे, १९४५ ला एक धरून. म्हणजे ‘एक्सएक्स’ असेल तर १९६४. १९७५ पासून ‘एए’, मग ‘एबी’ अशी अक्षरांची जोडी सुरू झाली. या चौकटीमुळे इटालियन नकलेचे वय वर्षापर्यंत नेमके सांगता येते. अस्सल बंदुकीच्या बाबतीत इतकी खात्री क्वचित मिळते.

ठसे घासून काढले असतील तर ते ओळखण्याची रीत अशी. खिडकीकडे पाठ न करता तोंड करून उभे राहावे, नळी डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरावी आणि खिडकीच्या चौकटीचे प्रतिबिंब नळीच्या अंगावरून हळूहळू फिरवावे. शाबूत नळीवर ती रेघ सरळ धावते. जिथे कानस किंवा पॉलिश पेपर चालला आहे तिथे ती दबते, आत वळते आणि पुन्हा सरळ होते. हा खळगा बोटाला लागत नाही, पण डोळ्याला लपत नाही. तो नेमका बुडाजवळ डाव्या अंगाला किंवा वरच्या बाजूला मधोमध असेल, म्हणजे कारखान्याचे नाव असते त्याच जागी असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

लॉकप्लेट आणि घोडा यांच्याबाबतीत कोल्हापूरच्या माणसाला उपजत फायदा आहे. उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या फौंड्रीत ज्याने चार दिवस काढले आहेत, त्याला ओतकाम आणि घडकाम यांतला फरक शिकवावा लागत नाही. जुने घोडे घडीव लोखंडाचे असून कानसीने साकारलेले असत. स्वस्त नकलेतले घोडे ओतीव असतात आणि त्यांच्या आतल्या कडेला पार्टिंग लाइन (साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची रेघ) किंवा ती घासल्याची खूण राहते. अक्षरेही पाहावीत. हाताने ठोकलेल्या ठशाच्या कडेला धातू किंचित वर उचललेला असतो आणि तळ स्वच्छ असतो; अक्षर ओतकामातच आले असेल तर त्याच्या कडा गोलसर आणि तळ बाकीच्या पत्र्यासारखाच दाणेदार असतो. सालाचाही विचार करावा. अस्सल लॉकवर ते लॉक बनल्याचे साल असते, तर नकलेवर पुष्कळदा नमुन्याचे साल असते. त्यामुळे १८५३ च्या नमुन्यावर १८५३ आणि १८६१ च्या नमुन्यावर १८६१ असे तंतोतंत जुळणारे साल दिसले की मी खूश न होता सावध होतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. खाच फार नेमकी, कोपरे फार सारखे, म्हणजे मशीनकाम, आणि मशीनकाम म्हणजे नक्कल, असे पुष्कळ जण धरून चालतात. एन्फिल्डच्या सरकारी कारखान्यात १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धातच अमेरिकन यंत्रे बसली होती आणि तिथल्या बंदुकांचे भाग एकमेकींना बसत. ‘एन्फिल्ड’ छापाच्या लॉकखाली यंत्राने कोरलेले लाकूड दिसणे स्वाभाविक आहे. ‘टॉवर’ छापाच्या, बर्मिंगहॅमच्या ठेकेदारांकडून आलेल्या बंदुकीत मात्र पटाशीच्या खुणा आणि भाग जुळवताना मारलेल्या बारीक कानसरेघा सापडायला हव्यात. एकाच बंदुकीच्या नळीवर, लॉकवर आणि स्क्रूंवर त्याच संख्येच्या रेघा असतील तर ते सगळे भाग पहिल्यापासून एकत्र आहेत. लाकूड बहुधा अक्रोडाचे असावे. आपल्याकडे बनलेल्या बंदुकांत शिसव किंवा सागवान आढळते, पण अस्सल बंदुकीचा मोडलेला दस्ताही इथल्या सुताराने बदललेला असू शकतो.

गंजाबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण बनावट पकडण्याची ही सर्वांत खात्रीची जागा आहे. जुन्या टोप्यांच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे. टोपी फुटल्यावर त्याचे क्षार निपलच्या भोवती आणि घोड्याच्या पोकळ तोंडात बसत आणि हवेतला दमटपणा ओढून घेत. त्यामुळे वापरलेल्या अस्सल बंदुकीत निपलच्या आजूबाजूचे लोखंड खड्ड्याखड्ड्यांचे झालेले असते आणि नळीच्या तोंडाकडे जाताना पृष्ठभाग गुळगुळीत होत जातो. कृत्रिम गंज सर्वत्र सारखा असतो, किंवा जिथे हात पोहोचतो तिथेच असतो. लाकडाखालची बाजू लख्ख आणि उघडी बाजू काळीकुट्ट, अशी सीमारेषा आखल्यासारखी दिसली तर ती बाटलीतल्या द्रावाची करामत समजावी. जुन्या नळीच्या झाकलेल्या भागावर मूळची तपकिरी किंवा निळसर छटा टिकलेली असते आणि ती कडेला हळूहळू विरत जाते.

आपल्या बाजारात याखेरीज आणखी प्रकार फिरतात. खैबरकडच्या, विशेषतः दर्रा आदमखेलच्या कारागिरांनी हाताने केलेल्या नकलांवर ठशांतली इंग्रजी अक्षरे उलटी पडलेली आणि शब्दांचे वर्णलेखन चुकलेले असते. राणी व्हिक्टोरियाची मुद्रा आणि खाली १९०३ असे साल असले की तपास संपतोच, कारण राणी जानेवारी १९०१ मध्येच वारली होती. तरीही या नकलांना स्वतःची कारागिरी आहे आणि त्या गोळा करणारे लोक आहेत. नेपाळी शस्त्रागारातल्या मार्टिनी (मागून गोळी भरायची ब्रिटिश रायफल) धर्तीच्या बंदुका ओळखणे मराठी माणसाला सर्वांत सोपे, कारण त्यांच्यावर देवनागरी अक्षरे आणि अंक असतात; काठमांडूतील तो प्रचंड साठा २००३ मध्ये अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतला. लांब मस्केट कापून केलेली ‘कार्बाइन’ही वारंवार भेटते, तेव्हा गजाची खाच आणि कड्यांची जागा नळीच्या लांबीशी जुळते का ते पाहावे. हाड आणि पितळ जडवलेल्या भिंतीवरच्या बंदुका दिवाणखान्यासाठी ठीक आहेत, संग्राहकाने त्यांत पैसे घालू नयेत. स्पेनच्या देनिक्स कंपनीच्या शोभेच्या नकला जस्ताच्या मिश्रधातूच्या असल्याने त्या भागांना लोहचुंबक चिकटत नाही. तोच चुंबक खिशात ठेवला तर बाकीचे बरेच प्रश्न दुकानातच सुटतात.

मेहुण्यांच्या एम-१ कार्बाइनविषयी. ही बंदूक अमेरिकन लष्कराने १९४१ मध्ये स्वीकारली आणि युद्धकाळात ती साठ लाखांहून अधिक बनली. बनवणाऱ्यांत विंचेस्टर आणि जनरल मोटर्सच्या इनलँड विभागाबरोबर टंकलेखन यंत्रे करणारी अंडरवूड, आयबीएम आणि नाण्यावर चालणारी गाण्यांची यंत्रे करणारी रॉक-ओला अशा कंपन्या होत्या. युद्धानंतर युनिव्हर्सल, प्लेनफील्ड, आयव्हर जॉन्सन वगैरे खाजगी कंपन्यांनी तिच्या नकला काढल्या. सरकारी बंदुकीच्या रिसीव्हरवर (नळीमागच्या, यंत्रणा सामावणाऱ्या भागावर) पुढे ‘यू. एस. कार्बाइन’, कॅलिबर आणि ‘एम १’ असा मजकूर असतो आणि मागच्या साइटच्या पाठीमागे निर्मात्याचे नाव व क्रमांक असतो. नाव वर दिलेल्या खाजगी कंपन्यांपैकी असेल तर ती नक्कल, प्रश्न मिटला. युनिव्हर्सलच्या सुरुवातीच्या बंदुकांत शिलकी सरकारी भाग वापरलेले आहेत. ते संपल्यावर कंपनीने रचना बदलली आणि एका रिकॉइल स्प्रिंगच्या जागी दोन बारीक स्प्रिंगा घातल्या, त्यामुळे त्या बंदुकांना सरकारी भाग बसत नाहीत. सरकारी आणि खाजगी भागांची सरमिसळ या बंदुकीत इतकी सर्रास आहे की केवळ एका भागावरच्या ठशावरून मत बनवू नये. भारतात मात्र या वाटेला जाऊ नका : अर्धस्वयंचलित बंदुका सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित वर्गात मोडतात.

आता कायदा, कारण आपल्या पत्रातले ‘जुनी आहे म्हणजे परवाना लागत नसणार’ हे वाक्य धोक्याचे आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मधील खंड (सी) जुन्या घाटणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्यारांना सूट देतो. पण ते हत्यार दुरुस्तीविना अथवा दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसावे, या अटीवर. नुसत्या वयाने सूट मिळत नाही. पार्कर-हेलची किंवा इटलीची उडणारी नक्कल तर या खंडात बसण्याचा प्रश्नच नाही. ती विसाव्या शतकातली चालू बंदूक आहे आणि तिला परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका बाळगता येतात. सुटी नळी किंवा सुटे लॉक घेऊन ठेवणेही निरुपद्रवी नाही, कारण कायद्याच्या व्याख्येत शस्त्रांचे भागही येतात. म्हणून पैसे देण्यापूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी अर्ज करून, पोलिसांच्या शस्त्रतज्ज्ञाकडून तपासणी होऊन ती कोणत्या वर्गात पडते हे लेखी घ्यावे. बंदूक अस्सल निघाली आणि तिचे वय शंभर वर्षांहून अधिक असले, तर १९७२ चा पुराणवस्तू कायदाही लागू होतो. ती मेहुण्यांना अमेरिकेत भेट म्हणून पाठवण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा, कारण पुराणवस्तूची खाजगी निर्यात या कायद्याने बंद आहे.

संग्रह करण्याजोगी आहे का, याचे माझे उत्तर होकारार्थी आहे, फक्त तिला तिच्या खऱ्या नावाने घ्यावे. ठसे शाबूत असलेली, मूळ पेटी आणि कागदांसह मिळालेली बर्मिंगहॅमची पार्कर-हेल ही ठसे घासलेल्या ‘अस्सल’ बंदुकीपेक्षा कितीतरी वरची वस्तू आहे. नंतरच्या काळात हेच नाव इटलीत बनलेल्या बंदुकांवरही आले, म्हणून नावाबरोबर प्रूफचे ठसेही बर्मिंगहॅमचेच आहेत ना हे पाहावे. परवान्याच्या मर्यादेमुळे आपल्याकडे उडणाऱ्या नकलांचा मोठा संग्रह करणे शक्य नाही. त्यापेक्षा एखादीच उत्तम बंदूक रीतसर परवान्यावर ठेवावी आणि बाकीचा संग्रह न उडणाऱ्या प्रतिकृतींचा करावा. भारतात निर्यातीसाठी बनणाऱ्या चकमकीच्या बंदुकांच्या नकला बत्तीचे छिद्र न पाडताच पाठवल्या जातात. तशी वस्तू घेतानाही परवाना शाखेचे मत आधी घ्यावे. डोळा तयार करायचा असेल तर न्यू पॅलेसमधील छत्रपती शाहू संग्रहालय आणि टाउन हॉलचे वस्तुसंग्रहालय या दोन ठिकाणी मांडलेली जुनी शस्त्रे काचेबाहेरून सावकाश पाहावीत. नळीचा उतार, दस्त्याची वळणे आणि झिजलेल्या कडांचा गोलवा तिथे शिकता येतो.

बंदूक हाती आल्यावर ती चकचकीत करण्यासाठी बफिंगवाल्याकडे कृपा करून नेऊ नये. एका फेरीत ठसे, कडा आणि छटा तिन्ही जातात. आपल्याकडच्या पावसाळ्यात खोबरेल किंवा कोणतेही खाद्यतेल लावू नये, ते चिकट होऊन धूळ आणि ओल धरते. पातळ खनिज तेलाचा हात फिरवून पुसून घ्यावे, वर मेणाचा हलका थर द्यावा आणि चामड्याच्या किंवा लोकरीच्या खोळीत बंदूक ठेवू नये.

देणाऱ्याकडे आधी नळीच्या खालच्या बाजूची, बुडाजवळच्या ठशांची आणि लॉकच्या आतल्या बाजूची छायाचित्रे मागा. नळी काढू द्यायला तो तयार नसेल, तर शोभेच्या वस्तूपेक्षा जास्त किंमत देऊ नका. काढू दिली, परवाना शाखेचे उत्तर हाती आले आणि व्यवहार ठरला, तर पावतीवर नळीची लांबी, दिसणारा प्रत्येक ठसा आणि ‘अस्सल’ किंवा ‘नक्कल’ यांपैकी एक शब्द देणाऱ्याच्या सहीनिशी लिहून घ्या.